एक सबब एकदाच

आमच्या घरात नातीला सगळे वकील म्हणतात. कोर्टाची पायरी ती अजून चढलेली नाही, पण बोलायला लागल्यापासून स्वतःची बाजू अशी मांडते की समोरच्याला वाटावं, चूक आपलीच झाली. तीच वकील सध्या परदेशात तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना इंग्रजी शिकवते. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. इंग्रजीत मला फक्त सही येते, आणि ती करताना जीभ बाहेर येते. तेव्हा तिच्या इंग्रजीबद्दल मी काय बोलणार? तिच्या थापांबद्दल मात्र अधिकारवाणीनं बोलू शकतो, कारण त्यांचा सगळा सराव तिनं माझ्यावरच केला.

माठ फुटला तेव्हा ती सहा वर्षांची असेल. आजीनं विचारलं, कुणी फोडला? वकील म्हणाली, कावळ्यानं. मी विचारलं, कोणत्या कावळ्यानं? मला वाटलं, आता अडकली. तिनं माझं बोट धरून मला अंगणात नेलं, तारेवर बसलेले कावळे एकेक करून निरखले आणि मधला दाखवला.

"तो बघा आजोबा. मान खाली घातलीय."

आणि त्यानं खरंच घातली होती.

पुढे ती शाळेत जायला लागली. एकदा तिच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, की तुमच्या मुलीचं या वर्षात हे तिसरं लग्न, तर सगळं ठीक आहे ना? माझी मुलगी, म्हणजे वकिलाची आत्या, तेव्हा कॉलेजात होती आणि लग्नाचा विषय काढला की अंगावर यायची. गृहपाठ राहिला की वकील तिला बोहल्यावर चढवत होती. मी बाईंना सांगितलं, आता चौथं होणार नाही, याची मी हमी घेतो. बाईंना माझी फार दया आली.

घरी येऊन वकिलाला समोर बसवलं. रागवायचं ठरवून बसलो होतो, पण हसू आवरेना. शेवटी घरात नियम घातला. सबब चालेल, पण नवी हवी. एक सबब एकदाच. आणि ऐकणाऱ्यानं उलटतपासणी घ्यायची. तिच्यात सापडलीस तर मुकाट्यानं काम करायचं. आजी म्हणाली, मी पोरीला बिघडवलं. सूनबाईनं नुसतं पातेलं जरा जोरात ठेवलं.

असो. पोरगी शिकली, शिक्षिका झाली, आणि एक दिवस परदेशातल्या शाळेतून बोलावणं आलं. तीन महिन्यांच्या बोलीवर. तिथल्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकेला, काम पसंत पडलं तर पुढे वर्षभर ठेवणार, नाहीतर परत घरी. वकिलाच्या बापाचं, म्हणजे माझ्या मुलाचं, खिळे, बिजागऱ्या आणि नळांचं दुकान आहे. पोरीनं दुकान सांभाळावं ही त्याची जुनी इच्छा. तीन महिन्यांचं ऐकल्याबरोबर त्यानं गल्ल्यामागं एक नवी खुर्ची आणून ठेवली. गादीची, गरगर फिरणारी, वरचा प्लास्टिकचा कागद न काढलेली. विमानतळावर निरोप द्यायला गेलो तिथंही त्यानं तिला मोबाइलवर खुर्चीचा फोटो दाखवला. म्हणाला, काळजी करू नकोस, जमलं नाही तर ही आहेच. त्यानं धीर म्हणून सांगितलं, पण वकिलाचा चेहरा असा झाला, जणू तो तिला पिंजरा दाखवत होता.

तिकडे तिला एका चांभाराच्या दुकानावरची खोली मिळाली. एवढीशी खोली, की कपाटाचं दार उघडायचं तर पलंगावर चढावं लागतं. खालून दिवसभर ठोकठोक. फोनवर ती दिसायची तीच मुळी पलंगावर उभी, मागं उघडं कपाट.

पहिल्या आठवड्यात तोंड पाडून म्हणाली, आजोबा, पोरं बोलतच नाहीत.

मी विचारलं, मारतात का?

"नाही."

"मग करतात काय?"

"बघतात."

बत्तीस पोरं आणि सगळी नुसती बघतात. हिनं विचारावं, काय, कसे आहात? सगळ्यांनी एका सुरात सांगावं, ठीक. काल काय केलं? ठीक. फळ्यावरचा हा शब्द कुणाला येतो? ठीक. त्यांच्यात एक लांबटांग्या होता, ज्याचे पाय पुढच्या बाकाखालून निघून पुढच्याच्या पायांत जायचे. एक झिपरी होती, जिचे डोळे कपाळावरच्या केसांमागं असायचे, त्यामुळे ती बघते की झोपते हेही कळायचं नाही. शेजारच्या वर्गात गणिताचे मास्तर. ते येऊन हिचं कौतुक करून गेले. ओठांवर बोट ठेवून अंगठा दाखवला, म्हणजे तुमचा वर्ग किती शांत.

इंग्रजीच्या तासाला शांतता म्हणजे दुकानाला कुलूप. वकिलाच्या डोळ्यांपुढं खुर्ची फिरायला लागली.

मग एके दिवशी लांबटांग्याचा गृहपाठ नव्हता. तो उठला आणि स्वतःच्या भाषेत, हातवारे करत, पोट धरत, मान टाकत जे सुरू झाला ते थांबेचना. हिला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मला म्हणाली, "आजोबा, भाषा नाही कळली, पण थाप ओळखली. घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं."

आणि तिच्या तोंडून आपोआप आमचा घरचा नियम बाहेर पडला. सबब चालेल, पण इंग्रजीत सांगायची, आणि नवी हवी.

लांबटांग्यानं बराच वेळ छताकडे पाहिलं. मग इंग्रजीत म्हणाला, "काल. पोट. दुखणे."

वकील म्हणाली, "जुनी आहे. बस आणि लिही."

त्या दिवशी त्याला वर्गात बसून गृहपाठ करावा लागला आणि बाकीच्यांना कळलं की इथं दर्जा लागतो. दुसऱ्या दिवशी तो शब्दकोश काखेत मारून आला. आता पोट त्याच्या भावाचं दुखत होतं, आणि भाऊ वहीवर झोपला होता, आणि आजारी माणसाला उठवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वकिलानं वर्गाकडे पाहिलं आणि विचारलं, कुणाला उलटतपासणी घ्यायची आहे? तर इतके दिवस न दिसलेले झिपरीचे डोळे केसांतून बाहेर आले. तिनं विचारलं, भाऊ कुठल्या कुशीवर झोपला होता? वही मोठी की भाऊ मोठा? डॉक्टर घरी आले तेव्हा वही त्यांनी पाहिली का? लांबटांग्या घामाघूम झाला, पण इंग्रजीतच घामाघूम झाला.

तिथून जो बांध फुटला तो काही विचारू नका. झिपरी लिफ्टमध्ये अडकली, सोबत शेजारीणबाईंची मांजर, आणि मांजर तिच्या वहीवरच व्याली. चार पिल्लं. आईपासून पिल्लं हलवायची कशी? मग एकानं विचारलं, मांजर लिफ्टमध्ये एकटी काय करत होती? झिपरी म्हणाली, तिला वरच्या मजल्यावर जायचं होतं. दुसऱ्या एकाच्या वहीवर घर रंगवणाऱ्यानं शिडी ठेवली होती आणि शिडीवर रंगारी होता आणि रंगाऱ्याला उंचीची भीती वाटत असल्यामुळं तो खाली उतरत नव्हता. मी फोन कानाला लावून हे ऐकायचो आणि आजीला सांगायचो. आजी नको नको म्हणत सगळं ऐकायची आणि शेवटी विचारायची, मग त्या रंगाऱ्याचं काय झालं?

आता यात एकच गोची होती, ती तुमच्या लक्षात आली असेल. गृहपाठ कुणीच करेना. आधी निम्मी पोरं तरी करायची. आता ज्याचा झालेला असेल तोही लपवून ठेवायचा. गृहपाठ झाला तर बोलायला काय उरलं?

त्यात पोरं गणिताच्या तासालाही इंग्रजीत सबबी सांगायला लागली. गणिताच्या मास्तरांना इंग्रजी माझ्याइतकंच येत असावं. ते तडक मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाईंनी वकिलाला बोलावून थंडपणे सांगितलं, गुरुवारी मी तुमच्या तासाला येते. गृहपाठाच्या वह्या बघेन, आणि मग तुमच्या पुढच्या वर्षाचं ठरवू.

बुधवारी वकिलानं पोरांपुढं हात जोडले. म्हणाली, बाबांनो, एक दिवस फक्त, गृहपाठ करून या, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. पोरांनी माना डोलावल्या. झिपरीनं तर छातीवर हात ठेवून वचन दिलं. ते ऐकून मी म्हटलं, वकील, वचन देणारी पोरगी तुझ्याच जातकुळीची दिसते. इकडे तिच्या बापानं त्याच दिवशी खुर्चीवरचा प्लास्टिकचा कागद काढला.

गुरुवारी मोठ्या बाई आल्या. उंच, चष्मा साखळीला लावलेला, मागच्या बाकावर ताठ बसल्या आणि म्हणाल्या, वह्या.

एकही वही नाही. वकील सांगते, पायाखालची फरशी सरकली. पोरांनी दगा दिला असं नव्हतं हो. पोरांना वाटलं, एवढा मोठा नवा श्रोता येणार, आणि आपण रिकाम्या तोंडानं बसायचं?

लांबटांग्या उठला. त्याच्या इमारतीतलं पाणी गेलं होतं, आणि नळ दुरुस्त करणारा माणूस नळ सोडून त्याच्या आजीच्या प्रेमात पडला होता, आणि आजीला प्रेमपत्र लिहायला त्यानं वहीची पानं नेली होती. मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. इंग्रजीत विचारलं, आजीचं वय काय? नळवाल्याचं काय? पत्राला आजीनं काय उत्तर दिलं? आणि उत्तर लिहायला तिनं कागद कुठून आणला?

"तुझ्याच वहीतून ना?" बाई म्हणाल्या. "मग उरलेली वही घरीच असेल. आण उद्या."

लांबटांग्या सापडला. उभं आयुष्य सबबी ऐकत आलेली बाई ती. तिच्यापुढं पोरं म्हणजे कालची. पण पोरं हटेनात. तास संपेपर्यंत एकेक उठत राहिला आणि बाई एकेकाला उभा-आडवा पिंजत राहिल्या. झिपरी तेवढी निसटली. तिची ती मांजर पुन्हा व्याली असं काहीतरी होतं. बाईंनी तारखा मोजून पाहिल्या आणि नाइलाजानं मान्य केलं की जमतं.

घंटा झाली. पोरं पांगली. मोठ्या बाई फळ्यापाशी आल्या आणि वकिलाला म्हणाल्या, बत्तीस पोरांत गृहपाठाचं एक पान नाही. तुम्हाला काय सांगायचंय?

आता बघा, ज्या पोरीनं कावळ्याला फुटक्या माठाचा जाब द्यायला लावला, आत्याची एका वर्षात तीन लग्नं लावली, तिला ऐन वेळी एक ओळ सुचेना. ती म्हणाली, "माझ्याकडं सबब नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा उतरवून साखळीवर सोडला.

"ही मी कधी ऐकली नव्हती," त्या म्हणाल्या आणि पुढच्या वर्षाच्या कागदावर सही केली. एक अट घातली. यापुढं गृहपाठ रोज वहीत दिसला पाहिजे. आदल्या दिवशी सांगितलेली सबब पोरांनी लिहून आणायची. वकील खूश झाली. दोन दिवस ते नीट चाललं. तिसऱ्या दिवशी लांबटांग्या सबबीचा गृहपाठ का राहिला याची सबब घेऊन उभा राहिला.

बापानं बातमी ऐकली, खुर्चीवर प्लास्टिकचा कागद परत घालायचा प्रयत्न केला, तो काही बसेना. मग खुर्ची मला दिली. मऊ आहे, फिरते छान. तिच्यात बसल्यापासून माणसाला कुठं जावंसं वाटत नाही, आणि मला तर दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, कवळी करून घ्यायला. आजी रोज मागं लागायची. माझा सबबींचा साठा संपला होता. म्हणून वकिलाला फोन केला, तर ती वर्गात. तिनं माझी अडचण पोरांपुढं ठेवली. बराच खल झाला. शेवटी झिपरीनं सांगितलं आणि वकिलानं मला मराठीत करून दिलं, की डॉक्टरांनी नमुना म्हणून स्वतःचीच कवळी कुणा गिऱ्हाइकाला दाखवली, ते गिऱ्हाईक ती घालून गावाला गेलं, आणि आता डॉक्टरांना बोलता येत नसल्यामुळं दवाखाना बंद आहे.

मी ती सबब आजीला जशीच्या तशी सांगितली. आजीनं हातातलं काम खाली ठेवलं.

"बोलता येत नाही," ती म्हणाली, "मग दवाखाना बंद आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

कवळी चांगली झाली आहे. जरा सैल वाटते, पण हसताना पडत नाही.