वरच्या मजल्याचा साक्षीदार

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एक कादंबरीकार राहायचे आणि मी तिसऱ्यावर, बरोबर त्यांच्या खाली. चौदा वर्षं त्यांची फरशी ते माझं छत, एवढंच आमचं नातं. ते कुणाकडे जात नसत, कुणाला घरात घेत नसत. सोसायटीच्या मीटिंगला कधी आले नाहीत, गणपतीच्या आरतीलाही नाहीत. त्यांना वाचणारे इतके लोक आहेत हे मला ते वारल्यावर पेपरात फोटो आला तेव्हा कळलं. फोटोही तरुणपणचा होता, मी आधी ओळखलंच नाही.

त्यानंतर सहाएक महिन्यांनी त्यांच्यावर माहितीपट करणारी एक मुलगी माझ्या दारात उभी राहिली. सोबत कॅमेरावाला.

"काका, त्यांच्या खासगी आयुष्यावर करतोय आम्ही. पण कोणालाच काही माहीत नाही हो, पूर्ण बिल्डिंग फिरले. तुम्ही तर खालीच राहता ना?"

मलाही काही माहीत नव्हतं. वर खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. एकदा त्यांच्या बाथरूममधून माझ्याकडे गळायला लागलं, तेव्हा मी बाह्या सरसावून वर गेलो होतो. त्यांनी वीतभर दार उघडलं, "करून घेतो" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर हजर. माझी भांडायची हौस तशीच राहिली. हे सगळं सांगून व्हायला दोन मिनिटं लागली. मुलगी "थँक्यू काका" म्हणाली आणि कॅमेरावाला वायर गुंडाळायला लागला.

त्या वायरने माझा घात केला. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. लेक पुण्याला असते, रविवारी फोन करते, तोही पोळ्या लाटता लाटता. या दोघांच्या आधी माझ्या घरात येऊन कोण बसलं होतं, ते मला आठवेना. गॅसवाला येतो, पण तो काही बसत नाही.

"तसं एक आहे म्हणा," मी म्हटलं. वायर थांबली.

मी सांगितलं की ते सकाळी सवयीने दोन कप चहा करायचे, एक गरम प्यायचे आणि दुसरा तासाभराने, गार. तुम्हाला कसं कळलं, असं तिने विचारलं. त्यांच्या कामवाल्या बाईने सांगितलं, मी म्हटलं. ती बाई मी तिथल्या तिथे जन्माला घातली आणि कायमची गावीही पाठवून दिली.

मग ती दोघं येतच राहिली. मी घावणे करायचो, नारळाचा रस काढायचो. कॅमेरावाला कुडाळकडचा होता. "काका, माझ्या आयशीन केल्यासारखे झालेत हां," म्हणायचा आणि आणखी दोन घ्यायचा. खाणं झालं की कॅमेरा सुरू. मी सांगायचो, ते स्वयंपाकघरात असले की बाहेर टीव्ही लावून ठेवायचे, घरात कुणाचा तरी आवाज हवा म्हणून. मेथीची अर्धी जुडी कुणी देत नाही, म्हणून एक आणली की तीन दिवस मेथीच खायचे. विमा विकणाऱ्या पोरीचा फोन आला तर तिच्याशी दहा मिनिटं बोलायचे, आणि ठेवताना विचारायचे, "जेवलीस का गं?"

हे शोधायला मला लांब जावं लागत नव्हतं. सगळं माझंच होतं. माझं म्हणून सांगितलं असतं, तर कोण कॅमेरा घेऊन आलं असतं ऐकायला?

लाज वाटायची. ज्या माणसाने जन्मभर दार लावून घेतलं, त्याच्या घरात तो गेल्यावर मी माझं सामान नेऊन टाकत होतो. आज खरं सांगून टाकायचं असं प्रत्येक वेळी ठरवायचो. पण खरं सांगितलं की यांचं येणं बंद, हेही मला माहीत होतं. मग घावण्यांचं पीठ कालवायला घ्यायचो.

शूटिंग संपलं आणि दोन महिने कुणी फिरकलं नाही. मग एके दिवशी फोन आला. गोरेगावला एका छोट्या हॉलमध्ये पहिला खेळ होता. ती म्हणाली, "काका, तुमच्याशिवाय ही फिल्मच झाली नसती. यायचंच हां."

पडद्यावर त्यांचा रिकामा फ्लॅट होता, ओट्यावर दोन कप, आणि माझा आवाज. मेथीची गोष्ट आली तेव्हा शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. माझ्या मेथीसाठी तोवर कुणी रडलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

नंतर प्रश्नोत्तरं झाली. मला पुढे बसवलं होतं. मागून एका तरुणाने विचारलं, "काका, तुम्हाला त्यांच्याबद्दल एवढं माहीत होतं. ते कधी तुमच्याकडे आले होते का?"

'नाही' अगदी ओठांवर होतं.

बायको गेली त्यानंतर महिन्याभराने, एका दुपारी माझी बेल वाजली होती. दाराच्या भोकातून पाहिलं तर ते उभे. एक मजला उतरायला इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. हात रिकामे, म्हणजे काही काम नव्हतं. त्या दिवसांत मला कुणाचं सांत्वन नको होतं. मी दाराआड श्वास रोखून उभा राहिलो. त्यांनी पुन्हा बेल वाजवली नाही. जरा वेळ थांबले आणि जिन्याने वर गेले. मी स्वतःला म्हटलं, जरा बरं वाटलं की आपणच जाऊ वर. त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ ते तिथे होते. मी गेलो नाही.

"आले होते, एकदा," मी माइकमध्ये म्हणालो. "मी दार उघडलं नाही."

बाहेर आल्यावर मुलीने मला गाठलं. चिडली होती. "काका, किती वेळा आले मी तुमच्याकडे. हे का नाही सांगितलंत?"

"त्यांच्याबद्दल मला खरं माहीत असलेलं तेवढंच आहे गं."

"मग बाकीचं?"

"बाकीचा मी आहे," मी म्हटलं.