प्रोसेसरला दिलेलं जास्तीचं व्होल्टेज

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते घाटनांदूरच्या मिस्त्रींचे. मिस्त्री म्हणजे विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की त्या नव्यानं भरून देणारे, रिवायंडिंगवाले. माझे वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर असायचे. अंबाजोगाईला बीएस्सी कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला, पण राहायला जागा नव्हती. मिस्त्रींनी दुकानामागची खोली दिली आणि तीन वर्षं घरातल्यासारखं जेवू घातलं. बदल्यात सुट्टीच्या दिवशी तांब्याची तार गुंडाळायला हात लावायचा, एवढंच मागितलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो. त्यांच्यापुढं मला कधी उलट बोलता आलं नाही, आणि पुढं घडलं ते त्यामुळेच.

शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प होता कापसाच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारा. त्यासाठी हजारो फोटो संगणकाला पुन्हा पुन्हा दाखवून शिकवावं लागतं आणि ते काम दिवसेंदिवस चालतं. कॉलेजची लॅब पाचला बंद व्हायची. दुकानात एक संगणक होता, तो मिस्त्रींच्या मुलीचा. जुना, वापरलेला, पण तिची वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची सगळी तयारी त्याच्यावर चालायची. परीक्षा महिन्यावर आली होती. तरी शुक्रवारी सकाळी तिनं तो मला तीन दिवसांसाठी दिला.

“सोमवारी सकाळी परत पायजे, दादा. आन् मशीन मेलं तर माझा पेपर तुमी द्यायचा.”

ती हसत म्हणाली, पण दुसरा संगणक घ्यायची सोय घरात नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

साध्या वेगात माझं काम साडेतीन दिवसांचं होतं. म्हणून मी प्रोसेसरचा वेग सेटिंगमध्ये जाऊन वाढवला. दोन तास छान चाललं आणि मशीन गोठलं. काम अधूनमधून जतन होत होतं, म्हणून थांबलं तिथून पुन्हा सुरू केलं, पुन्हा गोठलं. तपासलं तेव्हा कळलं की कामाचा भार आला की प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज खाली बसतंय. ते वाढवायची सोय त्या स्वस्तातल्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये नव्हती. इंटरनेटवर एक उपाय सापडला. व्होल्टेज सांभाळणाऱ्या चिपजवळ तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर असतो. त्याच्यावर पेन्सिलीनं रेघ मारायची. पेन्सिलीच्या शिशातून थोडी वीज वाहते, त्यामुळे तिथला रोध कमी होतो आणि चिप प्रोसेसरला जरा जास्त व्होल्टेज देते. त्याच पानावर खाली लिहिलं होतं: व्होल्टेज वाढलं की उष्णता झपाट्यानं वाढते, जपून करा.

मी मिस्त्रींना सांगितलं. मला वाटलं ते नको म्हणतील. ते तर उठूनच आले.

“म्हंजी लोड आला की होल्टेज बसतंय?”

“हो.”

“आरं मंग हे तर आपल्या डीपीवरल्या ट्रान्सफॉर्मरवानीच हाय की! उन्हाळ्यात सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की होल्टेज पडतंय, मोटार करंट जास्त ओढती आन् जळती. पुरं होल्टेज दे, थंड चालंल. एवढं कळाया बीएस्सी कावून लागतंय बे?”

ते मनापासून खूश होते. तीन वर्षांत माझ्या अभ्यासातलं काही त्यांना पहिल्यांदाच आपलं वाटलं होतं. त्यांनी स्वतः पेन्सिल तासून दिली आणि मीटर हातात घेऊन बसले. मशीन बंद केलं, वायर काढली, एका बाजूचं झाकण उघडलं, दोन बारीक रेघा मारल्या, रोध मोजला. सुरू केल्यावर प्रोसेसरचं व्होल्टेज थोडंसं वाढलेलं दिसलं. शुक्रवारी संध्याकाळी लावलेलं काम शनिवारी दुपारपर्यंत एकदाही अडलं नाही.

“बघ!” मिस्त्री येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होते. “कंपुटरची मोटार बी आमीच दुरुस्त करतो आता.”

शनिवारी दुपारी पत्र्याखालची खोली तापली आणि मशीन पुन्हा गोठलं. पडद्यावर प्रोसेसरचं तापमान चौऱ्याऐंशी अंश होतं. मला समजायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर समजलंही होतं. आता अडचण व्होल्टेजची नव्हती, उष्णतेची होती. मिस्त्री म्हणाले, “आजून बसतंय होल्टेज. आजून दे.”

मी पेन्सिल उचलली. ‘मिस्त्री, हे मोटारीसारखं नाही’ एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते ओठापर्यंत आलं. समोर ते मीटर धरून उकिडवे बसलेले, घामानं भिजलेले, दोन मोटारींचं काम बाजूला ठेवून माझ्यासाठी थांबलेले. ज्यांच्या ताटात जेवलो त्यांना त्यांच्याच धंद्यातलं चुकतंय म्हणून कसं सांगायचं? मी आणखी चार रेघा मारल्या.

मशीन सुरू झालं, काम लावलं. अठ्ठ्याऐंशी. एक्याण्णव. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. तिला आकडे कळत होते.

“दादा, हे वाढतंय न्हाई का?”

मी पडद्यावरून नजर काढली नाही. चौऱ्याण्णव. पंखा किंचाळल्यासारखा फिरत होता. मिस्त्रींनी मोटारीचं अंग बघतात तसा हाताचा उलटा पंजा आत घालून प्रोसेसरवरच्या धातूच्या पत्र्यांना लावला आणि झटक्यात मागं घेतला.

“बंद कर! मोटार आसती तर आतापत्तुर वास आला आसता.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “पुरं होल्टेज दिलं, मंग तापलं कावून? बोल की बे. तू शिकलेला हायेस.”

मुलगी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी वायर ओढली.

“मिस्त्री, पेन्सिल जास्त लागली. माझा हात चुकला.”

त्यांनी मीटर बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “चुकतोय. माझा बी चुकतो.” आणि दुकानातला टेबलफॅन उचलून आणला.

मी स्पिरिटच्या बोळ्यानं सगळं पुसलं, पहिल्यासारख्या दोनच रेघा मारल्या, वेग थोडा उतरवला आणि मशीनचं झाकण उघडंच ठेवून पंखा लावला. वायर पुन्हा जोडली. मशीन सुरू झालं. सोमवारी सकाळी आठला काम संपलं, नऊला संगणक, रेघा आणि वाढवलेला वेग तसाच ठेवून, तिच्या टेबलावर गेला आणि मी पास झालो.

यंदा मी पुण्यात नोकरीला आहे. मुलीची परीक्षा पहिल्या खेपेला थोडक्यात हुकली, म्हणून ती पुन्हा देते आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. मशीन दुपारी बंद पडतंय. “बाबा पेन्सिल तासून बसलेत. म्हणतात, दादा ह्याच्यावरच पास झाला. माझं न्हाई ऐकत, तुमीच सांगा.” मिस्त्री फोनवर आले, हसले, आणि माझी पुन्हा तीच गत झाली. “दोन दिवस हात लावू नका, लिहून पाठवतो,” एवढंच म्हणालो. मग कागदावर लिहिलं, फोटो काढून तिच्या मोबाइलवर पाठवला आणि कागद पोस्टात टाकला.

मिस्त्री,

मशीनला पेन्सिल लावू नका. आधी हे, मग बाकीचं.

त्या शनिवारी माझा हात चुकला नव्हता. मोटारीला व्होल्टेज कमी पडलं की ती तापते, हे तुमचं खरंच आहे. प्रोसेसरचं उलटं असतं. त्याला व्होल्टेज वाढवलं की तो जास्त तापतो. हे मी आधीच वाचलं होतं. तुम्ही ‘आजून दे’ म्हणालात तेव्हा मला ते माहीत होतं. तुम्ही इतके खूश होता की माझ्यानं बोलवलं नाही. तुमच्या मुलीचं मशीन जळत आलं तरी मी गप्प बसलो आणि वर खोटं बोललो.

आता असं करा. आधी मशीनची वायर काढा. चिपजवळच्या रेझिस्टरवरच्या जुन्या रेघा स्पिरिटनं पुसा. पंख्यात धूळ साचली असेल, ती ब्रशनं काढा. प्रोसेसरवरची, उष्णता पत्र्यांपर्यंत नेणारी पेस्ट वाळली असेल, ती पुसून नवी लावा, मी पोस्टानं पाठवतो. वेग पहिल्यासारखा कसा करायचा ते तिला फोनवर सांगतो. तिच्या अभ्यासाला तेवढा वेग पुष्कळ आहे.

तुमचं चुकलं, हे सांगायला मला वर्ष लागलं. रागावलात तर रागावा, पण हे काम तिच्यासमोर करा आणि झालं की मला फोन लावा. फोन जवळच ठेवला आहे.