मांडवीचं होनोलुलू

मालन शिवलकरइतका पक्का डूख धरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. ती माझी शेजारीण, लहानपणापासूनची मैत्रीण. जे सांगते आहे ते बहुतेक माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

तिचा बापूस दादू खलाशी. तरुणपणी तो मोठ्या आगबोटीवर होता, आणि ती बोट नादुरुस्त होऊन होनोलुलू बंदराला कित्येक महिने अडकून पडली. तिथून तो आला तो एक गिटार घेऊन. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि हातातली लोखंडी कांब तारांवरून सरकवायची. सूर असा लांबत जायचा, की दूरच्या होडीतून कुणीतरी हाक मारतंय असं वाटावं. मांडवीत तिचं नाव पडलं 'आडवी सतार'.

आमचं लहानपण दादूकाकाच्या अंगणात गेलं. संध्याकाळी होड्या वर ओढून झाल्या की तो वाजवायला बसायचा. आम्ही पोरी झावळ्यांच्या पात्या कमरेला बांधून त्या बेटावरच्या बायांसारख्या नाचायचो. हातांनी लाट दाखवायची, हातांनीच मासा, हातांनीच चंद्र. पोरगे फुटक्या होडीच्या फळ्या घेऊन काळ्या वाळूवरून पाण्यात घुसायचे, कारण तिकडची माणसं फळीवर उभी राहून लाटेवरून येतात असं काकानं सांगितलेलं. "तिकडंपण अळूच खातात," तो म्हणायचा, "पण पान नाय, मुळाचा कांदा. कुटून पेज करतात नि बोटानं चाटतात." आम्ही घरी फदफदं बोटानं चाटून आयांचा मार खायचो.

सगळ्यांत लाडकी गोष्ट माळेची. निघणाऱ्या पाहुण्याच्या गळ्यात तिथं फुलांची माळ घालतात, आणि बोट सुटली की ती पाण्यात टाकायची. माळ काठाला फिरली तर माणूस परत येणार. "माझी फिरली काठाला," काका म्हणायचा, "पण मालनची आई इथं व्हती. मी कसा जातोय?" मालनची आई तोवर वारली होती. तेवढं बोलून तो पुन्हा कांब तारांवर ठेवायचा.

लवू सुर्वे आमच्याच वाडीतला. भजनात पेटी वाजवायचा. काकानं त्याला हौसेनं आडवी सतार शिकवली, गोष्टी तर त्यानं आमच्याबरोबरच ऐकलेल्या. एका शिमग्यानंतर मुंबईला निघताना तो म्हणाला, "काका, एकदा मुंबईकरांना ऐकवतो. गणपतीला येताना परत आणतो." काकानं जुन्या लुगड्यात गुंडाळून गिटार त्याच्या हातात दिली.

गणपती आले, लवू आला नाही. बातम्या तेवढ्या आल्या. मुक्या सिनेमाच्या पडद्यापुढं बसून तो वाजवतो, आणि जाहिरातीत 'होनोलुलूहून आलेले प्रोफेसर लवू' असं छापतात. शेवटी काका स्वतः मुंबईला गेला. थिएटरच्या दारात लवू बड्या लोकांत उभा होता. काकानं आपली गिटार परत मागितली, तेव्हा तो त्यांना म्हणाला, "आमच्या गावचा आहे. प्याला की असंच बरळतो. पाणी द्या आणि वाटेला लावा."

दादूकाका उभ्या जन्मात प्याला नव्हता.

परत आल्यावर त्यानं हे मालनला एकदाच सांगितलं. मग त्याच्या तोंडून होनोलुलूचं नाव निघालं नाही, आणि पोरं अंगणात यायची थांबली. पुढं ताप भरून तो गेला. तेराव्याला मालन मला म्हणाली, "गंगे, मी त्याला मारणार नाय. त्यानं जगलं पायजे. जगून माझ्या बापसाचं नाव घेतलं पायजे."

ती बंदरावर मासळी विकू लागली. मुंबईहून उतरणाऱ्या चाकरमान्यांना लवूची खबर विचारायची, आणि त्याचं बरं चाललंय असं कळलं की तिचा चेहरा खुलायचा. "चढू दे मेल्याला," म्हणायची, "अजून वर चढू दे."

मग बोलपट आले. पडद्यापुढं वाजवणाऱ्यांची गरज संपली, आणि लवू गावोगाव कार्यक्रम करत फिरू लागला. रत्नागिरीत त्याच्या नावाचे कागद चिकटले, तेव्हा मालन मासळीची पाटी तशीच टाकून उठली. त्या अंगणात नाचलेल्या सगळ्या पोरींना, भाट्याला आणि मिऱ्याला लग्न करून दिलेल्यांनासुद्धा, तिनं बोलावणं धाडलं. कार्यक्रमाच्या मांडवात आम्ही बायकांच्या बाजूला पुढं बसलो.

लवू रेशमी कोटात आला, गळ्यात फुलांची माळ. खरं सांगते, वाजवलं त्यानं सुरेख. माझे डोळे भरून आले. मालननं मला कोपर मारलं. "रडू नको गो. आज रडायचं नाय."

वाजवणं थांबवून लवू बोलू लागला. "मी होनोलुलूत असताना तिथले लोक एक चमत्कारिक पदार्थ खात..."

"अळूचा कांदा!" मालन ओरडली. लोक हसले. लवूही हसला आणि त्यानं दुसरी गोष्ट धरली. "बोट सुटली, मी गळ्यातली माळ पाण्यात टाकली..."

"ती काठाला फिरली!" आम्ही सगळ्या एकदम ओरडलो. आता पुरुषांतूनही आवाज आले. फळ्यांवर खेळलेले पोरगे तिथं बसलेले होते. लवूनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा आम्ही बसल्या जागी हात वर केले. लाट, मासा, चंद्र. त्याच्या कपाळावर घाम आला.

मालन उभी राहिली. "कुणाच्या गोष्टी या? नाव घे."

"बाई, खाली बसा."

"नाव घे!"

सगळा मांडव तेच ओरडू लागला. लवू पुटपुटला, "दादूकाका."

"मोठ्यानं. आणि तो दारू प्यायचा का रे?"

"नाही. कधीच नाही," लवू म्हणाला. ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

मालन वर चढली, त्याच्या मांडीवरची गिटार उचलली आणि खाली उतरली. कुणी अडवलं नाही.

मला वाटलं, झालं, संपलं. पण तिचं संपलं नव्हतं. ही हकीकत चाकरमान्यांबरोबर मुंबईला पोचली, लवूला कुणी बोलावेना. तो बायकोला, यमुनाबाईला, घेऊन मांडवीत राहायला आला. घर मालनच्या समोरच. मालन दर संध्याकाळी त्या दाराकडं तोंड करून वाजवायला बसे. बापसाकडून लहानपणीच शिकली होती. पोरं पुन्हा झावळ्या बांधून तिच्या अंगणात नाचू लागली. लवूनं खिडक्या लावून घेतल्या.

एकदा यमुनाबाई आली. मालननं तिला बसायला पाट दिला, गूळपाणी दिलं.

"पुरे कर गो मालन," यमुनाबाई म्हणाली. "आवाज आला की भिंतीकडं तोंड करून पडतात. जेवत नाहीत."

"मी काय शिव्या देतंय? बापसाची गाणी वाजवतंय."

"तुला दया नाही?"

"व्हती. बापसाबरोबर मसणात गेली."

यमुनाबाई डोळे पुसत गेली. मला राहवलं नाही. "तिचा काय दोष, मालन?"

"तिचा काय नाय," मालन म्हणाली. "म्हणून तर गूळपाणी दिलं."

तिनं गिटार मांडीवर ओढली, कांब तारांवर टेकवली आणि पोरांना सांगितलं, "नाचा रे, जोरात." वैशाखाचा उकाडा होता, वारा पडलेला. समोरची खिडकी बंदच राहिली.