नारळाच्या दुधातलं सूप

गवती चहाचा वास आला की अकोल्याच्या आमच्या स्वयंपाकघरातली ती दुपार आठवते. पुण्याहून सुट्टीला आलेल्या मुलीनं दूध-तुपासकट प्राण्यांपासून मिळणारं सगळं सोडलं होतं, म्हणून मी भोपळा, गाजर, फरसबी नारळाच्या दुधात शिजवून थाई चवीचं सूप केलं; वाटणाचा कंटाळा केला आणि अमरावतीहून आणलेला तयार थाई मसाला दोन चमचे घातला. रिद्धपूरला पंथाचा उपदेश घेऊन मांस-मासे सोडल्यापासून आईनं अंड्याचा केकसुद्धा तोंडात घातला नव्हता, पण नातीसोबत तिनंही वाटीभर सूप आवडीनं प्यायलं. "बाबा, मसाल्यात काय काय आहे?" मुलीनं सहज विचारलं, म्हणून मी ओट्यावरची बरणी फिरवून पाहिली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, वाळवलेली कोळंबी. मी बरणी पुन्हा भिंतीकडे फिरवली. तेवढ्यात आईनं वाटी पुढे केली, "मस्त झालं रे, अजून दे मले." "संपलं, आई." "काहून खोटं बोलतं? गंजात दिसून राहिलं ना!" मी सुपाचा गंज उचलला, चटका बसल्याचं सोंग केलं आणि तो सिंकमध्ये पालथा होऊ दिला. मुलीला म्हणालो, "मिरची, लसूण, गवती चहा, बस." दोघींनाही खरं मी आजवर सांगितलेलं नाही. हल्ली वाटण घरीच करतो. आई दरवेळी वाटी संपवते आणि म्हणते, "चांगलं आहे, पण पयल्यावानी चव नाही आली बाप्पा."