मामेसासरे आणि दोन कप्तान

माझ्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कोणावरही विश्वास टाकला नाही, आणि या बाबतीत त्यांनी आपपरभाव कधी केला नाही. देव असो, दूधवाला असो की पुण्याहून येणारी एस.टी., मामांच्या लेखी सगळे सारखेच संशयित. दुधात पाणी असलं तर ते चिडत, पण नसलं तर जास्त अस्वस्थ होत. "आज दूध घट्ट हाय. का घट्ट हाय?" असं म्हणत तांब्या हातात धरून ते दारात उभे राहत आणि तो बिचारा दूधवाला न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यायच्या बेताला येई. सकाळी फिरायला निघाले की घराला कुलूप लावायचं, चार पावलं जायचं, परत येऊन कुलूप ओढून बघायचं. मामी घरातच असत, हा भाग वेगळा. मूळचे मेढ्याकडचे, पण हयात गेली फौजेत, तीही सिग्नलमध्ये. कानाला वायरलेस लावून डोंगरावर बसायचं आणि जे ऐकू येतं ते आपल्या माणसाचं की शत्रूचं हे ठरवायचं, हे त्यांचं काम. हवालदार होऊन पेन्शनीत निघाले, साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याशी घर बांधलं, पण ते काम काही त्यांनी सोडलं नाही.

आमच्या आळीत पहिला टीव्ही त्यांनी आणला. सत्तरचं दशक सरत आलं होतं. पुण्याकडच्या टीव्ही मनोऱ्याचं चित्र आमच्यापर्यंत जेमतेम पोचत होतं, आणि तेही त्याच्या लहरीप्रमाणे. दुकानदार वाटेत खोकं बदलेल म्हणून मामा पुण्यापासून साताऱ्यापर्यंत टेम्पोच्या मागे खोक्याला टेकून बसून आले. सरकत्या लाकडी दारांचा तो टीव्ही, त्याला पितळी कुलूप आणि किल्ली मामांच्या करदोट्याला. बातम्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, शेतीच्या कार्यक्रमातला शेतकरी त्यांना नकली वाटे. ("त्याच्या पायाला चिखूल कुठं हाय?") फक्त एका कार्यक्रमासाठी ते कुलूप मनापासून उघडत. अंतराळात फिरणाऱ्या एका यानाची ती इंग्रजी मालिका होती. तिचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही, कारण नाव यायच्या वेळेला पडद्यावर नेमक्या मुंग्या यायच्या. आम्ही तिला नुसतं 'यान' म्हणायचो. यानात एक रुबाबदार कप्तान होता, एक म्हातारा डॉक्टर होता, आणि दर शनिवारी ते एकेका नव्या ग्रहावर उतरून संकटात सापडत. माणसाला कुठल्याही ग्रहावर कुणावर विश्वास ठेवायची सोय नाही, हे मामांचं मत तिथे दर आठवड्याला सिद्ध होई. मग त्यांना मालिका आवडू नये तर काय व्हावं?

शनिवारी संध्याकाळी निम्मी आळी त्यांच्या पुढच्या सोप्यात जमे. पण गच्चीवरचा अँटेना वाऱ्यापावसाने हले, चित्र दिसायचं तर त्याचा खांब सारखा फिरवावा लागे, आणि त्या खांबाला हात लावायचा अधिकार जगात एकाच व्यक्तीला होता. ती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, शालन. मामा खाली पडद्यासमोर, शालन वर खांबापाशी, आणि दोघांचं बोलणं चाले ते वायरलेसच्या शिस्तीत. "शालन, रिपोर्ट! ओव्हर." वरून आवाज येई, "डावीकडं फिरवलाय आबा, आता दिसतंय का? ओव्हर." बोलणाऱ्याने 'ओव्हर' म्हटल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम शालनने पाळण्यातल्या वयापासून पाळला होता. चित्र स्वच्छ आलं की मामा "आलं! आउट." म्हणत, म्हणजे बोलणं संपलं, तेव्हा ती खाली यायला निघे. ती जिना उतरेपर्यंत चित्र पुन्हा जाई. परिणामी ज्या मुलीच्या जिवावर सगळी आळी यान बघत होती, तिने स्वतः ते धड कधी पाहिलं नाही. गोष्ट तिला रात्री जेवताना मामांकडून कळे, तीही मामांच्या शंकांसकट.

यान संपलं की पंचनामा. जबानी दिल्याशिवाय कुणी उठायचं नाही आणि जबानी झाल्याशिवाय चहा नाही. शेजारचे पेन्शनर गुरुजी इंग्रजी समजल्याच्या थाटात बोलत, गिरणीवाले बाबूराव अजिबात न समजता बोलत, आणि गंमत म्हणजे बाबूरावांचं जास्त वेळा बरोबर निघे. "डॉक्टर शेवटाला का हसला?" मामा विचारत. गुरुजी म्हणत, "अहो, संकट टळलं म्हणून." "संकट टळल्यावर माणूस दमतो गुरुजी, हसत न्हाई. त्या डॉक्टरवर ध्यान ठेवा." डॉक्टरवर आम्ही वर्षभर ध्यान ठेवलं. त्याने शेवटपर्यंत काही केलं नाही, आणि तेच मामांना सगळ्यांत संशयास्पद वाटलं.

इथवर सगळी मौज होती. पण हाच न्याय मामांनी शालनच्या स्थळांना लावला, तेव्हा घरातली मौज संपली. पोरगी पंचविशीला टेकली होती. तिच्याबरोबरच्या मुली कडेवर लेकरं घेऊन माहेरी येत होत्या आणि मामा एकेक स्थळ मोडत होते. एकाने कढत चहा न फुंकता प्याला, म्हणून गेला. "एवढं सोसणारा माणूस काय तरी लपवतोय." औंधच्या मुलाच्या चुलत्याने बोलता बोलता यमाईची शपथ घेतली. "मी इचारलं व्हतं का? न इचारता शपथ कोण घेतं?" एक तर फौजेतलाच होता. आम्हाला वाटलं, आता तरी जमलं. मामा म्हणाले, "फौजी हाय तो. मला म्हाईत हायत फौजी." मामी पदराला डोळे पुसत माझ्या बायकोला म्हणाल्या, "आता तूच तुझ्या मालकांना सांग गं काय तरी." म्हणून मी मध्ये पडलो. मला हात झटकता आले असते, पण शालनचा चेहरा बघवत नव्हता.

सांगलीत माझ्या ओळखीचं एक घर होतं. हळदीची अडत, बापलेक दोघेही त्याच व्यवसायात, माणसं सरळ. मुलाचं नाव विलास. मी त्यांना शनिवारी दुपारी बोलावलं, एस.टी.ने त्यांना आणलं दिवेलागणीला, म्हणजे नेमकं यानाच्या वेळेला. मामांनी पाहुण्यांना हात जोडले आणि सांगितलं, "पोरगी दाखवायचा कारेक्रम यान झाल्यावर." विलासचे वडील माझ्याकडे बघायला लागले. सांगलीत तेव्हा टीव्ही दिसत नव्हता, त्यांना वाटलं कुणी तरी यायचंय. सगळे पडद्यासमोर बसले. मामांची नजर मात्र विलासच्या हातांवर. "नखं पिवळी का हायत?" ते माझ्या कानात म्हणाले. मी म्हटलं, "मामा, हळदीचा धंदा आहे." "व्हय, तेच सांगणार ते."

त्या दिवशीचा भाग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, जेवढा दिसला तेवढा. कुणाचंही रूप घेता येणारी माणसं एका ग्रहावर असतात. कप्तान तिथे उतरतो, आणि परत येतात ते दोन कप्तान, हुबेहूब सारखे. एक खरा, एक खोटा. खोटा यानात राहिला तर सगळे मेलेच. डॉक्टर दोघांना समोर उभं करतो, म्हणतो की मी एकच प्रश्न विचारणार, आणि तो तोंड उघडतो न उघडतो तोच किल्ल्यावरून वारा सुटला आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या. "शालन!" मामा ओरडले. पाहुण्यांना दाखवायची म्हणून नेसलेल्या रेशमी साडीचा पदर खोचून पोरगी आतल्या जिन्याने वर धावली. विलासला एवढंच कळलं की वाऱ्यात एकटी बाई लोखंडी खांब धरायला गेली आहे. तो उठला आणि कुणाला न विचारता तिच्या मागे वर गेला.

"शालन! आगं काय चाललंय वर?" मामांनी छताकडे तोंड करून हाक मारली. उत्तर नाही. "शालन!" उत्तर नाही. पडद्यावर खरखर, आणि वर दोघंजण. गुरुजींनी खाली मान घातली. मग वरून आवाज आला तो पुरुषाचा. "मामा, खांब मी धरलाय. कुठं फिरवू?" मामांचा चेहरा पांढरा पडला. चित्र परत आलं तेव्हा एकच कप्तान खुर्चीत बसला होता आणि नावं वर सरकत होती. कोणता कप्तान, ते साताऱ्यात कुणालाच कळलं नाही.

पंचनामा सुरू झाला. गुरुजी म्हणाले, खराच असणार, नाही तर मालिका बंद पडेल. बाबूराव म्हणाले, "खुर्चीची लय घाई झालती त्याला. खोटाच." मामांनी हात वर करून दोघांना गप्प केलं आणि विलासकडे वळले. "पावणं, तुमची जबानी."

"मी बघितलंच न्हाई. मी वर हुतो."

"तेच इचारतोय. त्या डॉक्टरच्या जागी तुमी असता तर खरा कसा वळखला असता?"

विलासने जरा विचार केला. "आवं, रोज एका ताटात जेवणाऱ्या माणसाला वळखायला प्रश्न कशाला लागतोय? कळंलच की."

"लय सरळ उत्तर हाय," मामा म्हणाले, आणि ते कौतुक नव्हतं. मग शालनकडे वळून त्यांनी आवाज चढवला. "आणि तू! दोनदा हाक मारली. बोलली का न्हाईस?"

शालन दाराच्या चौकटीला धरून उभी होती, केस वाऱ्याने विस्कटलेले. ती हळूच म्हणाली, "तुमी 'ओव्हर' म्हणालाच न्हाईसा, आबा. मी कशी बोलू?"

गोळीबारात जो माणूस 'ओव्हर' विसरला नव्हता तो आपल्या सोप्यात बसून विसरला होता, आणि का विसरला हे त्या क्षणी आम्हा सगळ्यांना कळलं. चोर सापडला होता, पण तो पाहुण्यांत नव्हता. पोरगी जाईल याच्या धास्तीने हा माणूस जगभर खोट शोधत होता.

तरी मामा ते मामाच. पुढच्या आठवड्यात ते गुपचूप सांगलीला चौकशीला गेले. हळदीचं गिऱ्हाईक बनून बाजारात हिंडले, पण पायात फौजी बूट आणि प्रत्येक दुकानात "त्या घरची माणसं कशी हायत?" हा एकच प्रश्न. घटकाभरात सगळ्या पेठेला कळलं की साताऱ्याचे व्याही आलेत. खुद्द विलासच्या वडिलांनी त्यांना जेवायला नेलं. परत आले ते पिशवीभर हळद आणि नवा संशय घेऊन. "समदी चांगलंच बोलत्यात. एवढं चांगलं कुणाबद्दल बोलत्यात व्हय?" मग कुलपाची किल्ली उगाच चाचपत म्हणाले, "पोरगा स्टँडवर सोडायला आलता. गाडी हलल्यावर खिडकीशी पळत आला, म्हणला, 'पोचल्यावर कळवा मामा. ओव्हर.'" मामींनी देवापुढे साखर ठेवली.

वैशाखात लग्न झालं. पाठवणीच्या वेळी शालन पाया पडून उठली, रडत रडत म्हणाली, "निघते आबा. ओव्हर." आता मामांनी 'आउट' म्हणायचं होतं. त्यांनी ओठ हलवले, पण शब्द आला नाही. गाडी वळणाआड गेली तरी ते तसेच उभे होते.

त्यानंतर यानाची रया गेली. खांबाला हात लावायला मामा कुणालाच देईनात. एकदा नाइलाजाने मला वर पाठवलं, आणि मी खाली आल्यावर खांब जागेवर आहे की नाही ते बघायला स्वतः वर गेले. मुंग्यांतून दिसेल तेवढं यान ते एकटेच बघत. माणसं यायची हळूहळू बंद झाली. मला रस्त्यात धरून ते सांगत, "त्यो खुर्चीतला खोटाच हाय, जावईबापू. चालणं तसंच हाय, पण पयल्यागत न्हाई." पंचमीला कृष्णेला पाणी चढलं होतं, म्हणून शालनचं येणं हुकलं. ते आठ दिवस मामांनी टीव्ही उघडलाही नाही.

शालन आली ती दिवाळसणाला, नवऱ्याबरोबर. अंगाने जरा भरली होती, बोलण्यात सांगलीचा हेल आला होता, नखं पिवळी झाली होती. मामा तिच्याकडे दुरून बघत राहिले, दूधवाल्याकडे बघायचे तसे. मला वाटलं, आता हे तिचीही जबानी घेतात की काय. पण तो शनिवार होता. तिने घड्याळाकडे पाहिलं, कुणी सांगायच्या आत पदर खोचला आणि जिना चढली. विलास उठायला लागला, त्याला मामींनी हात धरून बसवलं. मामांनी कुलूप काढलं.

"शालन, रिपोर्ट. ओव्हर."

"खांब धरलाय आबा. आता दिसतंय का? ओव्हर."

आणि चित्र आलं. असं स्वच्छ चित्र आम्ही त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. कप्तानाच्या अंगावरचं बटण न् बटण दिसत होतं, एक मुंगी नाही. गुरुजी आनंदाने "आलं की!" म्हणणार, तेवढ्यात मामांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. मान वर करून, डोळे मिटून, ते छताला कान लावल्यासारखे बसले होते.

"अजून न्हाई दिसत, पोरी," मामा म्हणाले. "जरा डावीकडं घे. ओव्हर."