दार कुणाचं वाजवायचं?

आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. बाबा गिरणीत कारकून होते आणि गिरणी बंद पडल्यावरही युनियनचं काम करत राहिले. ते पत्रकं लिहायचे, आई घड्या घालायची, मी त्या पत्रकांवरच अक्षरं गिरवली. बाबांचा एक नियम होता. पत्रक हातात आलं की आधी तळाची ओळ वाचायची. कुणी छापलं, कुणी काढलं, पत्ता काय. एकदा कुणीतरी वाटायला गठ्ठा आणून दिला. त्यातला शब्दन् शब्द बाबांना पटला होता, पण तळ कोरा होता. त्यांनी गठ्ठा तसाच परत केला. म्हणाले, "उद्या खोटं निघालं तर लोकांनी दार कुणाचं वाजवायचं?"

बाबा गेले, गठ्ठे माळ्यावर गेले. मल्हारगंजातल्या त्याच दोन खोल्यांत आई आणि मी उरलो.

मागच्या उन्हाळ्यात आईनं पाण्याची बादली उचलली आणि तिथंच खाली बसली. पाठीचा मणका दबला होता. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, आणखी एक मणका आधीच कधीतरी दबलेला आहे, तुम्ही पाठदुखी समजून मलम चोळत बसलात. मला आठवलं, मी तिची वेणी घालताना म्हणायचे, "आई, तू आखडतेयस हं." ती म्हणायची, "तूच टाचा उंच करतेस." खरंच आखडत होती ती.

डॉक्टरांनी रोज पोटावर घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. ते पेप्टाइड होतं. हाडांना कामाला लावणारं जे द्रव्य शरीरात असतं, त्याचाच बनवलेला एक तुकडा. पेनासारख्या नळीत महिनाभराचं औषध, फ्रिजमध्ये ठेवायचं, दोनेक वर्षं चालवायचं. क्लिनिकच्याच काउंटरवर किंमत ऐकली आणि मी त्या माणसाला पुन्हा सांगायला लावलं. माझ्या पगाराचा मोठा लचका दर महिन्याला जाणार होता. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात अर्धं पत्रक लिहून झालं होतं.

संध्याकाळी चुलतभाऊ आला. तो सांवेर रोडवर एका गोदामात काम करतो आणि उरलेला वेळ जिममध्ये असतो. बाबांनंतर आमचा सिलिंडर तोच चढवतो. त्यानं स्कूटरच्या डिकीतून एक डबी आणली होती. आत अंगठ्याएवढी काचेची कुपी, तळाला चिमूटभर पांढरी पूड.

"काकू, टेन्शन नका घेऊ. हीच चीज आहे, सेम टू सेम. क्लिनिकवाले डब्याचे पैसे घेतात. जिममधला एक भिया आहे, मोठ्या भावासारखा, तो मागवतो. मी दुखऱ्या खांद्याला दुसरं पेप्टाइड घेतोच आहे ना? देखो, अभी तक जिंदा हूँ."

"जिंदा आहेस रे. अकलेचं इंजेक्शन नाही का मागवत तुझा भिया?"

"वो आउट ऑफ स्टॉक है, काकू."

आई हसली आणि लगेच पाठ धरली. हसलं तरी दुखायचं तिला.

कुपीत पाणी घालायचं, पूड विरघळवायची, इन्सुलिनच्या सिरिंजनं रेघ बघून ओढायचं, असं त्यानं समजावलं. खर्च पेनाच्या पासंगालाही पुरणार नव्हता. मला ते आवडलं, आणि नुसतं स्वस्त म्हणून नाही. औषध महाग असणं म्हणजे काही ऊन-वारा नव्हे. कुणीतरी खुर्चीत बसून भाव ठरवतो आणि कुणाच्या तरी आईचा मणका वाट बघत राहतो. त्या खुर्चीला वळसा घालून जाण्यात मला न्यायच दिसत होता. तसं मी तावातावानं बोललेही. आई मान डोलवत होती. तिच्या डोक्यात माझा पगार होता.

मान डोलवता डोलवता तिनं चष्मा लावला आणि कुपी फिरवली. घड्या घालणाऱ्या बाईची सवय ती. कुपीवरच्या चिठ्ठीवर इंग्रजीत औषधाचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही. तिनं कुपी पुन्हा फिरवली. डबी उलटी केली.

"बनवणाऱ्याचं नाव कुठाय?"

"काकू, असल्या मालावर नाव नसतं."

"पूड किती आहे, साफ आहे का, हे कुणी तपासलं?"

"भिया बोलला, एकदम प्युअर."

"आणि हे उन्हातून डिकीत आलं."

आईनं कुपी त्याच्यासमोर ठेवली.

"मला काही झालं तर मी दार कुणाचं वाजवू?"

"माझं वाजवा," तो पटकन म्हणाला. अगदी मनापासून. त्याचे डोळे भरले होते.

आईनं त्याचा हात धरला. "तुझं कसं वाजवू, बाळा? तू तर आमचाच. तुझ्याशी मला भांडता कुठं येणार? ज्याच्याशी भांडता येईल असा कुणीतरी पाहिजे."

आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जा ना भांडायला. इतकं बोलतेस ते त्या डॉक्टरांसमोर बोल."

मी गेले, बोलले. सगळ्यात महागडं पेनच तुमच्या काउंटरवर का, असं विचारलं. डॉक्टर वैतागले, पण त्यांनी चिठ्ठी मागून घेतली आणि दुसऱ्या कंपनीचं पेन लिहून दिलं. तेच औषध, बाहेर बरंच कमी किमतीत. तरी ते स्वस्त नाहीच. दर महिन्याला पैसे देताना माझा संताप होतो आणि तो होत राहावा असंच मला वाटतं. पण त्या खोक्यावर नाव आहे, पत्ता आहे, बॅच आहे. आत घडी घातलेलं पत्रक आहे. आईनं ते पूर्ण वाचलं आणि पुन्हा घडी घालायला बसली. कंपनीची घडी वाकडी होती म्हणे.

पहिलं इंजेक्शन मी दिलं. त्यानंतर चक्कर येऊ शकते असं सांगितलं होतं, म्हणून चुलतभावाला बोलावून घेतलं होतं. तो आईच्या मागे दोन्ही हात पसरून उभा, जणू ती गच्चीवरून उडी मारणार होती. चक्कर आली नाही. आईनं मागे वळून त्याचा उजवा हात बघितला. तो खांद्याच्या वर जातच नव्हता.

"दुखतो अजून?"

"थोडा."

"आणि त्या कुपीचं?"

"चालू आहे."

"तुझ्यासाठी मी कुणाचं दार वाजवू रे?"

पुढच्या महिन्यात आईला दाखवायला गेलो तेव्हा आम्ही तिघं गेलो. आत शिरताना आईनं त्याला पुढं केलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "आधी ह्याचा खांदा."