वरातीचे वकील

"बसू नका. उभ्यानंच सांगा. बसला की माणूस गोष्ट लांबवते."

वकीलसाहेब हे म्हणाले तेव्हा मी खुर्चीत अर्धा टेकलो होतो. तसाच उठलो. तोवर ते खिडकीपाशी पोचले होते, खिडकीकडून कपाटाकडे, कपाटाकडून दारात. अशिलाने त्यांच्या मागेमागे फिरत आपलं गाऱ्हाणं सांगायचं, अशी तिथली रीत. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्या घरच्या खुर्च्यांवर फायलींशिवाय कुणी बसत नाही.

यवतमाळात वकिलांना तोटा नाही. जमिनीचा, फौजदारीचा, सोडचिठ्ठीचा, हवा तो मिळतो. पण माझं काम ऐकून सगळे गोंधळायचे. "गाणं चोरीले गेलं? मग पोलिसात जा ना भाऊ," एकाने सांगितलं. दुसऱ्याने आधी पोट धरून हसून घेतलं आणि मग या गृहस्थांचा पत्ता दिला. त्यांची उभी हयात मुंबईत गाण्यांच्या आणि पुस्तकांच्या हक्कांचे खटले लढण्यात गेली होती. हृदयाची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी आराम सांगितला, म्हणून ते वडिलांच्या घरी परत आले होते. वडील इथल्याच कोर्टात कारकून होते. आराम मात्र त्यांना कुणी शिकवला नव्हता.

आमचा बँड आहे. बसस्टँडच्या मागे दुकान. अब्बांनी तो उभा केला, आता मी चालवतो. अब्बा क्लॅरनेट वाजवायचे आणि त्यांनी तरुणपणी वरातीसाठी एक धून बांधली होती. कळंबपासून मारेगावपर्यंत त्या धुनेशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरत नसे. मी कळंबच्या एका लग्नातला आमचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. थोड्याच दिवसांत तो गायब. कारण लिहून आलं की हे संगीत एका कंपनीच्या मालकीचं आहे. शोधलं तर खरंच, अब्बांची धून कीबोर्डवर वाजत होती, वर कुणी मुलगी गात होती, आणि संगीतकार म्हणून तिसऱ्याच माणसाचं नाव.

हे सगळं मी त्यांच्या मागे चालत सांगितलं. ते एकदम वळले आणि आम्ही जवळजवळ एकमेकांवर आपटलो.

"तुमचं त्याच्यात किती?"

"म्हणजे?"

"त्या धुनेत तुमच्या वडिलांचं किती अन् दुसऱ्याचं किती? मले खरं सांगा. खोटं मी दुसऱ्या बाजूनं लय ऐकलं."

हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. मसाल्याच्या पाकिटावरच्या चित्रासाठी भांडणारा व्यापारी येवो की गाईड छापणारा मास्तर, पहिला प्रश्न हाच. निम्मे लोक तिथूनच परत जात. जे टिकत, त्यांना ते नावाने हाक मारत नसत, भांडणाच्या नावाने मारत. मसालेवाल्याला "हळद" म्हणायचे. मी "वरात" झालो.

दुसऱ्या बाजूचा विषय त्यांनी स्वतःच काढला, म्हणून मी विचारलं, "साहेब, तुम्ही तर कंपन्यांचेच वकील होते ना?"

"म्हणूनच तर माहीत आहे, त्यांचं कुलूप कुठं ढिलं राहते."

मी त्यांना वकीलपत्र दिलं.

ते दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी आले. अब्बा पलंगावर. छाती जुनीच खराब, आता तर दोन वाक्यांनंतर थांबावं लागायचं. वकीलसाहेब पलंगाभोवती फिरत होते आणि अब्बांची मान त्यांच्याबरोबर फिरत होती.

"मास्तर, धून कुठून आली?"

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मुखडा माझा नाही जी," ते म्हणाले. "बोरी अरबच्या बाजाराले गेलतो. तिथं लमाणांच्या बाया गात होत्या. तो मी उचलला. अंतरा माझा."

इतकी वर्षं घरात कुणी हे बोललं नव्हतं आणि आता वकिलासमोर! पण वकीलसाहेबांनी टाळीच वाजवली. "झालं! आपण फक्त अंतऱ्यावर दावा सांगू."

बाहेर येऊन मी भांडलो. "अर्धीच? सगळी धून आमची म्हणून लोक ओळखतात. त्या बायांना कोण विचारून राह्यलं?"

"मी," ते म्हणाले आणि स्कूटर सुरू केली.

त्या दिवशी मी दुसरा वकील शोधायचं ठरवलं होतं. संध्याकाळी अब्बांना तसं बोललो तर ते म्हणाले, "जो माणूस आपलं नसलेलं मागत नाही, तो आपलं सोडणारही नाही. राहू दे त्याले." मी राहू दिलं.

आता अंतरा अब्बांचा हे सिद्ध कसं करायचं? लिहिलेलं काही नाही. बँडवाल्यांचं सगळं कानात असतं. वकीलसाहेबांना युक्ती सुचली, जुन्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट. मग आमची फिरती सुरू झाली. माझी मोटारसायकल, मागे ते, आणि कानाशी अखंड बोलणं. कळंब, दारव्हा, मारेगाव. ज्या ज्या घरी अब्बांनी वाजवलं होतं, तिथे जाऊन विचारायचं, लग्नाची कॅसेट आहे का? लोक घाबरायचे. वकील आणि लग्नाची कॅसेट म्हटल्यावर त्यांना वाटायचं सुनेने केस टाकली. एका घरात तर सासूबाईंनी आम्हाला चहाऐवजी सुनेविरुद्धची आपली बाजू ऐकवली, आणि तिच्या समोरच.

माझ्या एका व्हिडिओवाल्या दोस्ताकडे कॅसेट चालवायचं जुनं यंत्र होतं. दुपारभर आम्ही त्याच्याकडे लग्नं पाहायचो. आणि इथे मी एक चमत्कार पाहिला. एक कप चहा बसून न पिणारा हा माणूस लग्न लागलं की मांडी घालून बसायचा. आम्हाला हवी होती फक्त वरात. ती संपली की मी बंद करायला उठायचो.

"राहू द्या ना भाऊ. पंगत पाहू."

पंगत झाली की पाठवणी. अनोळखी मुली अनोळखी बापांच्या गळ्यात पडून रडायच्या आणि हे चष्मा पुसायचे. त्यांचं स्वतःचं लग्न झालं होतं, मोडलंही होतं, असं मला त्यांच्या शेजाऱ्याने सांगितलं. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते खिडकीकडे गेले असते.

एक दिवस अब्बांनी हट्ट धरला, मलाही न्या. त्यांना रिक्षातून आणलं. पडद्यावर तरुण अब्बा क्लॅरनेट वाजवत होते, गाल फुगलेले, टोपी मागे सरकलेली. अंतरा वर चढत गेला आणि अगदी वरच्या सुराच्या आधी क्षणभर सगळं थांबलं. ढोलसुद्धा. त्या रिकाम्या जागेत नाचणाऱ्यांनी एकदम पाय आपटले. मग सूर लागला.

"थांबवा!" वकीलसाहेब उठून उभे राहिले. "मागं घ्या. हे इथं काय होते?"

अब्बा ओशाळले. "तिथं माझा दम संपते जी. तरुणपणी छातीचं दुखणं झालतं, तेव्हापासून. एक श्वास घ्याच लागते. ढोलवाल्यांनी सांभाळून घेतलं, मग लोकांनाही तेच आवडू लागलं."

वकीलसाहेबांनी बाकीच्या कॅसेट काढल्या. प्रत्येक वरातीत तीच जागा, तोच श्वास, तेच पाय. मग त्यांनी फोनवर कंपनीचं गाणं लावलं. कीबोर्ड चढत चढत गेला, वरच्या सुराआधी गप्प झाला, आणि मग पुढे वाजला.

अब्बांनी छातीवर हात ठेवला होता.

"मास्तर," वकीलसाहेब म्हणाले, "यांनी तुमचा दमसुद्धा उचलला."

त्यांनी कंपनीला नोटीस धाडली. मग कंपनीच्या वकिलाचा मुंबईहून फोन आला. तो एके काळी यांचाच सहायक होता. मी समोर होतो. तिकडून बराच वेळ इंग्रजी चाललं. वकीलसाहेब अंगणात तुळशीभोवती चकरा मारत ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"कीबोर्डला दम लागतो का रे?"

उत्तराची वाट न पाहता यांनी फोन खिशात टाकला आणि मला म्हणाले, "चला, आता हे लोक बोलतील नीट."

बोलायला त्यांनी वेळ घेतलाच. त्या काळात वकीलसाहेब माझ्या दुकानात येरझारा घालायचे, ढोलांवर टिचक्या मारायचे, गिऱ्हाइकांना कायदा शिकवायचे. "घाबरू नका, वरातीत कोणतंही गाणं वाजवा, लग्नाले कायद्यात सूट आहे," असं ते नवरदेवाच्या बापाला सांगायचे. बाप बिचारा घोड्याबद्दल विचारायला आलेला असायचा. पण अब्बांची तब्येत उतरत होती आणि ते रोज विचारत, "आलं काय काही?" वकीलसाहेबांना हा प्रश्न सहन होत नसे. तो ऐकला की ते घरातून निघून जात आणि रस्त्यावरून कंपनीला फोन लावत.

शेवटी आलं. आमचा व्हिडिओ परत दिसू लागला, आणि कंपनीच्या गाण्याखाली नाव चढलं. अंतऱ्याचे संगीतकार म्हणून अब्बांचं. मी फोन अब्बांपुढे धरला. त्यांनी डोळे बारीक केले. "एवढं लहान?" मी बोटांनी अक्षरं मोठी केली. ते आणखी, आणखी म्हणत राहिले. शेवटी पडद्यावर नावातली दोनच अक्षरं मावत होती, तेव्हा म्हणाले, "आता बरोबर." त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला ते गेले. शांतपणे गेले, एवढं मी सांगू शकतो.

माझं काम संपलं होतं. वकीलसाहेबांचं नाही. अब्बांच्या नावावरच्या ओळीत मुखड्यापुढे एक शब्द होता, 'पारंपरिक'. तो त्यांना खुपत होता. "पारंपरिक म्हणजे काय? कोणाचं तरी असेल ना? मुंबईत असताना कितीक गाण्यांपुढं हा शब्द टाकून मी घरी जेवायले गेलो, वरात."

"पण साहेब, तुम्हाले तर कोणीच वकील केलं नाही तिथं."

"काढा गाडी."

कापूस वेचणीचे दिवस होते. बोरी अरबच्या आसपासचे लमाणांचे तांडे आम्ही पालथे घातले. एका तांड्यावर एक म्हातारी भेटली. मी मोबाइलवर मुखडा वाजवला आणि तिने तो तिथेच उचलून पुढे नेला, शब्दांसकट. वकीलसाहेब तिच्या अंगणात फेऱ्या घालू लागले.

"बाई, तुमचं याच्यात किती?"

"काहीच नाही. माझ्या याडीचं हाये." याडी म्हणजे आई.

"अन् याडीचं किती?"

"तिच्या याडीचं."

ते थांबले आणि मोठ्याने हसले. म्हातारीही हसली. मग ती त्यांना गाणं शिकवू लागली. त्यांचा सूर इतका वाईट होता की शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून गोळा झाल्या. परतताना ते म्हणाले, हिच्या याडीसाठी कायद्यात खुर्ची नाही, पण गाणारी म्हणून हिचं नाव तर लागू शकते. आपण हिचा आवाज नीट रेकॉर्ड करू. तुमच्या चॅनेलवर टाकू. म्हातारी कबूल झाली. तिच्या नातीच्या लग्नानंतरचा दिवस ठरला.

तो दिवस यायच्या आधीच एका सकाळी त्यांच्या शेजाऱ्याचा फोन आला. वकीलसाहेब झोपेतच गेले होते. पुण्याहून पुतणी आली होती. माणसं थोडी होती. हळद आला होता, गाईडवाले मास्तर आले होते. आम्ही एकमेकांची खरी नावं त्या दिवशी विचारली.

ठरलेल्या दिवशी मी एकटाच तांड्यावर गेलो. रेकॉर्डिंगचं यंत्र पिशवीत होतं. म्हातारी नटूनथटून बसली होती, आरशांचा घागरा, हातभर बांगड्या. मला एकट्याला पाहून तिने रस्त्याकडे पाहिलं. मी सांगितलं.

"नाव काय होतं त्याचं?" तिने विचारलं.

मी नाव सांगितलं. तिने ते दोनदा तोंडात घोळवलं. त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी गाऊन रडायची रीत आहे. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि सुरू केलं. तिची बोली मला सगळी समजत नव्हती. "भिया" समजलं, म्हणजे भाऊ. आणि दर ओळीच्या शेवटी त्यांचं नाव. दोघी-तिघी बाया येऊन तिच्यात मिसळल्या. यंत्र मी पिशवीतून काढलं नाही.

नाव ती थोडं चुकीचं घेत होती. मी दुरुस्त केलं नाही.